वाट मोकळी करणारा वीर : मेजर राम राघोबा राणे

देवालयाचा जीर्णोद्धार झाला की कळस सर्वांच्या दृष्टीस पडतो. पाया खणणारे हात मात्र विस्मरणात जातात. सैन्याचेही तसेच आहे. रणगाडे पुढे जातात, पण त्यांच्यासाठी आधी कोणीतरी वाट करून द्यावी लागते. हे काम जिवावर उदार होऊन करणारे परमवीर मेजर राम राघोबा राणे हे आपल्या कारवार भागातील चेंडिया गावचे सुपुत्र. आजच्या मंगल प्रसंगी त्यांचे स्मरण उचित ठरेल.

राणे यांचा जन्म दि. २६ जून १९१८ चा. वडील पोलीस शिपाई. सारख्या होणाऱ्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण ठिकठिकाणी झाले. १९३० साली चळवळीच्या वाऱ्याने बारा वर्षांचा राम भारावून गेला, तेव्हा काळजीत पडलेल्या वडिलांनी बिऱ्हाड चेंडियास आणले. पुढे दि. १० जुलै १९४० रोजी ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. ब्रह्मदेशात, आराकानच्या आघाडीवर, माघारीच्या वेळी त्यांची तुकडी मागे राहिली. जपानी गस्त चुकवीत, नदी ओलांडून ते आपल्या सैन्यास येऊन मिळाले.

त्यांची खरी कसोटी लागली ती १९४८ च्या एप्रिलमध्ये. नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या आपल्या सैन्याची वाट शत्रूने भूसुरुंग पेरून व झाडे आडवी टाकून रोखली होती. विलंब झाला असता तर राजौरीतील निरपराध लोकांचे हाल वाढले असते. दि. ८ एप्रिल रोजी काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. राणे यांच्या पथकातील दोघे धारातीर्थी पडले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणेही होते. तरीही ते मागे हटले नाहीत. सलग चार दिवस, गोळीबारात, सुरुंग काढीत व अडथळे उडवीत त्यांनी चिंगसपर्यंतचा व पुढचा रस्ता मोकळा केला. दि. १२ एप्रिल रोजी आपले सैन्य राजौरीत पोचले.

त्या युद्धात पाच वीरांना परमवीर चक्र मिळाले. तिघांना ते मरणोत्तर अर्पण झाले; हयात होते ते दोघेच, कर्म सिंह आणि राणे. सोबत्यांचे मरण डोळ्यांदेखत पाहिलेल्या या माणसाला पुढे शेहेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभले आणि ते त्यांनी कर्तव्यात घालविले. १९५५ साली ते विवाहबद्ध झाले. चार अपत्यांचा संसार उभा राहिला. सैनिकाच्या नोकरीत बदल्या आणि ताटातुटी चुकत नाहीत. वडिलांच्या बदल्यांचा अनुभव घेतलेल्या राणे यांना आता स्वतःच्या बिऱ्हाडाचीही तीच काळजी वाहावी लागली. दि. २५ जून १९६८ रोजी मेजर म्हणून निवृत्त झाल्यावरही १९७१ पर्यंत ते सैन्याच्या सेवेत राहिले. युद्धवृत्तांत त्यांचा गौरवाने पाच वेळा उल्लेख झाला आहे.

दि. ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, पुणे येथे त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. २००६ साली कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २०२३ साली अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव देण्यात आले.

रणांगणात मरणाला सामोरे जाणे थोर आहेच. पण तेथून परतल्यावर घर, मुलेबाळे आणि सेवा यांचा भार निष्ठेने वाहणे, हेही तितकेच थोर. चेंडियाच्या या सुपुत्राने दोन्ही साधले. त्यांच्या व त्या चार दिवसांत प्राण वेचणाऱ्या त्यांच्या दोन सोबत्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन!