प्रोस्टेट कॅन्सर: रेडिएशननंतर पीएसए रिपोर्टवर 'नॉर्मल' दिसलं, तरी डॉक्टरांना का दाखवायचं?

प्रोस्टेट कॅन्सरसाठी रेडिएशनचे सगळे डोस पूर्ण झाले की रुग्ण आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्यानंतर काही महिन्यांनी पीएसएची रक्ततपासणी होते. लॅबच्या कागदावर आकडा असतो आणि शेजारी छापलेलं असतं, 'नॉर्मल: ० ते ४'. आकडा ४ च्या आत दिसला की अनेक घरांत फाईल कपाटात जाते.

गोंधळ इथेच होतो. ही '० ते ४' ची रेषा उपचार न झालेल्या पुरुषांसाठी आहे. रेडिएशन झालेल्या रुग्णाचा रिपोर्ट वेगळ्या पद्धतीने वाचावा लागतो.

पीएसए म्हणजे काय?

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीच्या पेशींमध्ये तयार होणारं एक प्रथिन आहे. ते निरोगी पेशीही बनवतात आणि कॅन्सरच्या पेशीही. आज ही चाचणी कॅन्सर शोधण्यासाठी ओळखली जाते. पण अमेरिकेत १९८६ मध्ये तिला पहिली मंजुरी मिळाली ती आधीच कॅन्सर झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. उपचारांनंतर आजही ती सर्वांत महत्त्वाची तपासणी आहे.

रेडिएशननंतर पीएसए शून्य का होत नाही?

ऑपरेशनमध्ये प्रोस्टेट ग्रंथी काढून टाकतात, त्यामुळे पीएसए काही आठवड्यांतच जवळपास शून्यावर येतो. रेडिएशनमध्ये ग्रंथी शरीरातच राहते. किरणांमुळे कॅन्सरच्या पेशींच्या डीएनएला इजा होते, पण त्या लगेच मरत नाहीत. पुढे विभागण्याचा प्रयत्न करताना त्या हळूहळू संपतात.

म्हणूनच पीएसए सावकाश उतरतो. सर्वांत खालच्या पातळीवर यायला दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ लागतो. या सर्वांत कमी आकड्याला डॉक्टर 'नेडिर' म्हणतात. पुढचा सगळा हिशोब या आकड्यावरून होतो, त्यामुळे तो लिहून ठेवा.

मग काळजी कधी करायची?

यासाठी जगभर वापरला जाणारा नियम 'फिनिक्स व्याख्या' म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात २००५ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत तो ठरला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नियम सोपा आहे: नेडिरपेक्षा पीएसए २ किंवा त्याहून जास्त वाढला, तर कॅन्सर परतल्याची शक्यता धरून पुढच्या तपासण्या करायच्या.

समजा, एखाद्या रुग्णाचा नेडिर ०.३ आहे. त्याच्यासाठी धोक्याची रेषा २.३. पुढे कधी त्याचा पीएसए ३.१ आला, तर लॅबचा कागद त्याला 'नॉर्मल' म्हणेल, पण त्याच्या डॉक्टरांसाठी ती धोक्याची सूचना असेल.

आधी ऑपरेशन आणि मग रेडिएशन झालं असेल, तर हा नियम लागू होत नाही. तिथे ग्रंथीच नसते, त्यामुळे अगदी छोटी वाढही महत्त्वाची ठरते.

आकडा थोडा वाढला म्हणजे कॅन्सर परतलाच का?

नाही. रेडिएशननंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत काही जणांचा पीएसए थोडा वर जातो आणि आपोआप खाली येतो. याला 'पीएसए बाऊन्स' म्हणतात. प्रोस्टेटमध्ये किरणोत्सारी दाणे बसवले असतील (ब्रेकीथेरपी), तर हे जास्त दिसतं. ०.९, ०.५, १.१, ०.६ असे आकडे आले, तर मधल्या १.१ ने झोप उडू शकते, पण पुढचा आकडा चित्र बदलतो. म्हणून एका रिपोर्टवरून निर्णय न घेता डॉक्टर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चाचणी पुन्हा करायला सांगतात.

लघवीतला जंतुसंसर्गही पीएसए वाढवू शकतो. चाचणीआधी दोन दिवस सायकलिंग आणि वीर्यस्खलन टाळायला सांगितलं जातं. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्या, कारण वेगवेगळ्या मशीनवर आकडे थोडे बदलतात.

हार्मोनचं इंजेक्शन चालू असेल तर?

बऱ्याच रुग्णांना रेडिएशनसोबत हार्मोन उपचार असतात. त्यामुळे टेस्टोस्टेरॉन खाली जातं आणि पीएसएही झपाट्याने उतरतो. इंजेक्शन थांबल्यावर टेस्टोस्टेरॉन परत वाढू लागतं, तसा पीएसए थोडा वर येऊ शकतो. म्हणून शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं, ती तारीख फाईलमध्ये हवीच. या उपचारांत हाडं ठिसूळ होऊ शकतात, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढू शकतं. त्यासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि रक्ततपासण्या सुचवल्या जातात.

तपासणी किती वेळा?

साधारणपणे पहिली ५ वर्षं दर ६ ते १२ महिन्यांनी पीएसए आणि नंतर वर्षातून एकदा. सुरुवातीला किंवा जास्त जोखमीच्या रुग्णांत दर ३ महिन्यांनीही तपासतात. पीएसए स्थिर असेल आणि त्रास नसेल, तर दर वेळी स्कॅनची गरज नसते. पीएसए खरोखर वाढत असेल, तर पीएसएमए पेट स्कॅनने आजार नेमका कुठे आहे ते शोधतात.

कोणता त्रास लपवू नये?

रेडिएशनचे काही परिणाम अनेक महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही दिसतात.

- शौचातून रक्त: मूळव्याध समजून घरगुती उपाय करत बसू नका. कोलोनोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना रेडिएशन झाल्याचं आधी सांगा. गुदाशयाच्या पुढच्या भागाला किरण लागलेले असतात. तिथला तुकडा तपासणीला काढला, तर जखम भरायला अवघड जाते.
- लघवीतून रक्त, बारीक धार किंवा लघवी अडणं: मूत्रमार्ग आकसलेला असू शकतो. रक्त दिसलं, तर मूत्राशयाची तपासणी करून घ्यावी लागते.
- लैंगिक ताठरता कमी होणं: हे हळूहळू, दोन-तीन वर्षांत वाढू शकतं. त्यावर औषधं आहेत, पण विचारायला संकोच वाटतो म्हणून अनेक जण गप्प राहतात.
- पाठीत नवं, न थांबणारं दुखणं आणि पायातली ताकद जाणं, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं: मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

घरच्यांनी काय करावं?

एका वहीत तारीख, पीएसएचा आकडा, लॅबचं नाव आणि इंजेक्शनच्या तारखा लिहा. रेडिएशन किती आणि कुठे दिलं, याची नोंद असलेलं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. फॅमिली डॉक्टर बदलले किंवा गाव बदललं, तरी नव्या डॉक्टरांना आधीचे सगळे आकडे एका नजरेत दिसले पाहिजेत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: 'आमचा नेडिर किती, आणि किती आकडा आला तर तुम्हाला लगेच कळवायचं?'

(ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)