शॉक: पाय कुठून कापला, यावर सिद्धांत ठरला

'मला शॉकच बसला' असं आपण सहज म्हणतो. पण डॉक्टर 'पेशंट शॉकमध्ये आहे' म्हणतात तेव्हा अर्थ वेगळा असतो. रक्ताभिसरण इतकं कोलमडलेलं असतं की पेशींना पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही. नाडी जलद, लघवी कमी, माणूस गोंधळलेला, आणि बहुतेक वेळा हातपाय गार. वेळेत उपचार झाले नाहीत तर एकेक अवयव बंद पडत जातो.

हे इतकं स्पष्ट आज वाटतं. शंभर वर्षांपूर्वी मात्र मूळ प्रश्नच अडलेला होता: जखमी माणसाचा रक्तदाब घसरतो तरी कशामुळे?

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न ऐरणीवर आला. काही सैनिकांचे स्नायू चिरडलेले असायचे, बाहेर फारसं रक्त वाहिलेलं दिसायचं नाही, तरी ते शॉकमध्ये जायचे. अमेरिकेचे वॉल्टर कॅनन आणि ब्रिटनचे विल्यम बेलिस या दोन नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी मांजरांवर प्रयोग केले. भूल देऊन एका मागच्या पायाचे स्नायू चिरडायचे, नंतर दोन्ही पाय कापून वजन करायचं. वजनातला फरक म्हणजे त्या पायात साठलेलं रक्त आणि द्रव. तो फरक थोडाच निघाला. मग त्यांनी तर्क केला की कारण रक्त कमी होणं नाही. चिरडलेल्या स्नायूतून एखादं विष रक्तात मिसळत असणार.

तर्क चुकीचा नव्हता बरं का! मोजमाप अपुरं होतं.

1930 मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी कुत्र्यांवर हाच प्रयोग वेगळ्या पद्धतीने केला. द्रव काही फक्त मांडीत थांबत नाही, तो वर जांघेकडे आणि कुशीकडेही पसरतो. ब्लॅलॉकनी हा भाग धरून दोन्ही बाजूंची तुलना केली, तेव्हा दिसलं की रक्तदाब घसरायला एवढी गळती पुरेशी आहे. पार्सन्स आणि फेमिस्टर हेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोचले.

याचा परिणाम थेट उपचारावर झाला. कारण विष असेल तर विषावर उतारा शोधत बसायचं. कारण गळती असेल तर गेलेला द्रव तातडीने भरून काढायचा. दुसऱ्या महायुद्धात जखमींना प्लाझ्मा आणि रक्त देण्यामागे हीच समज होती.

या गोष्टीत आणखी एक नाव आहे, व्हिव्हियन थॉमस. 1930 च्या फेब्रुवारीत हा कृष्णवर्णीय तरुण ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागला. शॉकवरचे पुढचे कितीतरी प्रयोग त्याच्या हातून झाले, पण कागदोपत्री हुद्दा आणि पगार सफाई कामगाराचा. जॉन्स हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती 1976 मध्ये. तेव्हा जुना शोधनिबंध वाचताना लेखकांच्या यादीवर थांबू नका. प्रयोग प्रत्यक्ष कोणी केले, हेही विचारा.

मग विषाची कल्पना निव्वळ टाकाऊ होती का? तसंही नाही. 1941 मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या रुग्णांचा अभ्यास बायवॉटर्स आणि बील यांनी प्रसिद्ध केला. काही जण शॉकमधून सावरले, पण नंतर मूत्रपिंडं निकामी होऊन दगावले. म्हणजे चिरडलेल्या स्नायूतून अपायकारक पदार्थ रक्तात येतात हे खरंच होतं. फक्त रक्तदाब घसरण्याचं मुख्य कारण ते नव्हतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं? सारांशिका लिहिताना आपण गृहीतकावर पानंच्या पानं खर्च करतो आणि 'मोजमापाची पद्धत' दोन ओळींत उरकतो. कॅनन-बेलिस यांचा प्रयोग नेमका त्या दोन ओळींत अडला होता. 'फरक आढळला नाही' असं लिहिण्याआधी बघा: तुमच्या सर्वेक्षणाची, नमुन्याची, कालखंडाची सीमा कुठे आखली आहे? आणि जे शोधताय ते तिच्या पलीकडे तर साठलेलं नाही ना?