वासरांची हगवण आणि जिवाणूंचे विष : परभणीच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : लाल कंधारी व देवणी हे मराठवाड्याचे गोवंश होत. परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने नवजात वासराचा हगवणीने होणारा मृत्यू म्हणजे उद्याच्या बैलाचे वा गाईचे नुकसान होय. या रोगाचे कारण कसे उमगत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

थिओडोर एशेरिक यांनी १८८५ मध्ये बालकांच्या विष्ठेतील एका जिवाणूचे वर्णन केले. पुढे 'ई. कोलाय' म्हणून ओळखला गेलेला हा जिवाणू निरोगी जनावरांच्या शेणातही आढळतो. त्यामुळे केवळ तो सापडला म्हणून तोच रोगाचे कारण ठरत नसे. हा पेच सोडविणारी पद्धत कोलकात्यात सिद्ध झाली. शंभुनाथ डे यांनी १९५३ मध्ये सशाच्या आतड्याचा भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात पटकीचे जिवाणू सोडले असता तेथे द्रव साचला. १९५६ मध्ये ई. कोलायच्या काही वाणांनीही असाच परिणाम घडविल्याचे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. जिवाणू गाळून काढलेल्या द्रवानेही तेच घडते, हे डे यांनी पटकीबाबत १९५९ मध्ये दाखविले. रोग घडविणारे विष जिवाणूपासून वेगळे करता येते, हे त्यातून स्पष्ट झाले.

ब्रिटनमध्ये विल्यम्स स्मिथ व हॉल्स यांनी १९६७ मध्ये हीच पद्धत डुकरे, वासरे व कोकरे यांच्यासाठी वापरली. १९७० मध्ये स्मिथ व गाइल्स यांनी डुकरांपासून मिळालेल्या वाणांत उष्णतेने नष्ट होणारे व उष्णतेत टिकणारे अशी दोन विषे असल्याचे दाखविले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ व पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. हे महाविद्यालय आज, २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक आहे.

निष्कर्ष : या इतिहासाचा बोध गोठ्यापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे आहे. विषामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात झिरपतात आणि वासरू मुख्यतः त्यामुळे दगावते. म्हणून क्षारयुक्त पाण्याची भरपाई हा पहिला उपचार ठरतो, प्रतिजैविक नव्हे. तसेच जन्मानंतर पहिल्या काही तासांत पाजलेल्या चिकातून संरक्षक प्रतिपिंडे मिळतात. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, हा समज म्हणूनच घातक आहे. प्रयोगशाळेतील ज्ञानाची खरी कसोटी हा समज दूर होण्यातच आहे.