विद्यार्थ्यांचा आकाशकंदील

आश्विन सरता सरता उंच काठीच्या टोकास दीप चढवून तो कार्तिकमासात तेवत ठेवण्याचा जो आकाशदीपाचा विधी आपल्या धर्मशास्त्रकारांनी सांगितला, त्याचाच प्रापंचिक अवतार म्हणजे दिवाळीत दाराशी टांगला जाणारा कागदी कंदील होय. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेने हस्तोद्योगास शिक्षणाचा पाया मानले, तेव्हा तेथील आग्रह सूतकताईसारख्या उपजीविकेच्या धंद्यांचा होता, कंदिलासारख्या हौसेच्या जिनसेचा नव्हे. तथापि हात आणि बुद्धी यांना एकाच कामास जुंपण्याची ती तजवीज या कंदिलाइतकी स्वल्प खर्चात क्वचितच साधते.

बांबूच्या चोवीस समान कामट्या घ्याव्या, त्यांचे सहा चौकोन करावे, आणि ते कोपऱ्याशी कोपरा दोऱ्याने जखडावे, म्हणजे मधल्या जागी आठ त्रिकोण कोणी न रचता सिद्ध होतात. फळ्यावर तासभर समजावूनही न उमगणारी घनाकृती येथे मुलाच्या मांडीवर उभी राहते. एकच कामटी बोटभर लांब राहिली तरी सारा सांगाडा तिरपा होतो, व ही शिक्षा कोणत्याही छडीहून न्याय्य आहे! पुढे पतंगी कागद खळीने चिकटवावा, जो ओला असता सैल दिसतो व वाळता वाळता ताठ बसतो; खाली झिरमिळ्या सोडाव्या; आणि आत पणती ठेवायची तर उष्ण हवेसाठी वरचा चौकोन उघडा राखावा. विजेचा दिवा आला तशी ही सावधगिरी सुटली.

बाजारात तयार कंदील मुबलक मिळतात. शाळांनी मात्र मुलांकडून कामट्याच मागवाव्या.