किल्ल्यातले बेनाम लोक

१८५७चा विषय निघाला की आपल्याकडे बहादूरशहा जफर यांची आठवण निघते. मुशायऱ्यात त्यांचे नाव घेतले तरी बुजुर्गांचे डोळे ओलावतात. रंगूनची कैद, वतनापासून दूर झालेला दफन, सारे आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्या बादशहाच्या घरात पाणी कोण भरत होते, चूल कोण पेटवत होते आणि बंडाच्या आदल्या रात्री त्या माणसांच्या मनात काय चालले होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

मे १८५७ मध्ये बादशहा ८१ वर्षांचे होते. त्यांची हुकूमत लाल किल्ल्याच्या भिंतीपाशीच संपत होती. हे काही त्यांच्या कारकिर्दीत घडले नव्हते. त्यांचे आजोबा शाहआलम यांचे डोळे गुलाम कादिरने १७८८ साली काढले, तेव्हा महादजी शिंद्यांच्या फौजेने किल्ला सोडवून त्यांना पुन्हा तख्तावर बसवले होते. ११ सप्टेंबर १८०३ रोजी लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेला दिल्लीजवळ हरवले आणि मराठ्यांच्या जागी कंपनी आली. तेव्हापासून बादशहा पेन्शनर झाले. जफर यांना दरमहा एक लाख रुपये मिळत.

लाख रुपये ऐकायला मोठे वाटतात. पण खाणारी तोंडे किती? जुन्या बादशहांच्या वंशातले ‘सलातीन’ म्हणवले जाणारे दोन हजारांहून अधिक लोक किल्ल्याच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने राहत. त्यांतले कित्येक नावाचे शहजादे आणि पोटाने फकीर. त्यांच्याखाली चाकरांची फौज. ड्योढीवर ख्वाजासरा, आतल्या महालात निरोप पोहोचवणाऱ्या जसोलनी, हत्यार घेऊन पहारा देणाऱ्या उर्दाबेगनी. शिवाय हबशी दासी, बावर्ची, भिस्ती, कहार, चोपदार आणि सवारीबरोबर चालणारे हत्यारबंद खासबरदार. बादशहावर सावकारांचे कर्ज होते आणि पगार वारंवार थकत. १८५२ मध्ये शहजादा जवानबख्तची शादी मात्र धूमधडाक्यात झाली. गालिब आणि जौक यांनी तिच्यासाठी सेहरे लिहिले. त्या सेहऱ्यांची चर्चा आजही होते. त्या दावतीची भांडी घासणाऱ्यांचे काय, याची चर्चा कोणी केली नाही.

१८५६ मध्ये वलीअहद मिर्झा फखरू वारले आणि कंपनीने ठरवून टाकले की, जफर यांच्यानंतर ‘बादशहा’ हा किताब राहणार नाही. वारस नुसता शहजादा असेल, त्याला महिना १५ हजार मिळतील आणि किल्लाही सोडावा लागेल. घराण्याच्या दृष्टीने हा इज्जतीचा सवाल होता. चाकरांसाठी तो भाकरीचा होता. लाखाच्या जागी १५ हजार आले तर आधी कोणाला काढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. बेगम झीनत महल आपल्या मुलाच्या तख्तासाठी खटपट करीत होत्या. भिस्त्याच्या मुलासाठी खटपट करणारे कोण होते?

११ मेचा दिवस सोमवारचा होता. रमजान अर्ध्यावर आला होता. सहेरी उरकून बादशहा यमुनेकडच्या खोलीत बसले असताना मेरठचे सवार होड्यांचा पूल ओलांडून खिडकीखाली आले. थोड्याच वेळात किल्ल्याच्या लाहोरी दरवाजावर कॅप्टन डग्लस मारला गेला. १६ मे रोजी किल्ल्यात कैदेत असलेल्या सुमारे पन्नास जणांची कत्तल झाली. त्यांत बहुतेक बाया आणि मुले होती. मारणाऱ्यांत शिपायांबरोबर बादशहाचे काही चाकरही होते. बादशहाने विरोध केला, पण त्यांचे कोणी ऐकले नाही. बेनाम माणसांची बाजू मांडताना हा डाग झाकून चालणार नाही. गरिबी हे कारण असेल, सफाई नव्हे.

सप्टेंबरात दिल्ली पडली. बादशहांना हुमायूनच्या मकबऱ्यातून शरण आणण्यात त्यांचे व्याही मिर्झा इलाहीबख्श यांचा हात होता. २७ जानेवारी १८५८ रोजी दिवाण-ए-खासमध्येच खटला उभा राहिला. शाही हकीम अहसनुल्ला खान यांनी आपल्याच मालकाविरुद्ध साक्ष दिली. डग्लसचा चोपदार माखन याचीही जबानी झाली. सिद्दी कंबर नावाच्या हबशी चाकराला मक्केच्या निमित्ताने इराणच्या शहाकडे धाडल्याचा आरोपही झाला. चाकरांची नावे इतिहासाच्या कागदावर आली, तीही अशी, कचेरीच्या मार्गाने! ऑक्टोबरात बादशहांना दिल्लीबाहेर नेले. सोबत निघालेल्यांपैकी बरेच जण अलाहाबादेतून मागे फिरले. काही चाकर मात्र रंगूनपर्यंत गेले.

मग त्या घराची याद राखली कोणी? मुन्शी फैजुद्दीन हे लहानपणापासून त्याच मिर्झा इलाहीबख्श यांच्या चाकरीत होते. १८८५ मध्ये त्यांचे ‘बज्म-ए-आखिर’ छापले गेले. शेवटच्या दोन बादशहांच्या काळातले किल्ल्यातले दिवस, सण, दस्तरखानावरचे पदार्थ, हाका मारणाऱ्या जसोलनी, हे सारे आज आपल्याला ठाऊक आहे ते त्यांच्यामुळे. मालकाने इंग्रजांकडून पेन्शन मिळवली. नोकराने घर जपले, शब्दांत का होईना. कोवळ्या वयात माही मरातबचे दारोगा झालेले जहीर देहलवी दिल्लीतून परागंदा झाले आणि म्हातारपणी त्यांनी ‘दास्तान-ए-गदर’ लिहिली. तेही तख्ताचे वारस नव्हते, नोकरच होते.

आज मोगलांचा हिशेब कोणी आपल्याकडे मागतो, तर आपल्यातलाच कोणी ‘आम्ही नवाबांची औलाद’ म्हणून मिशीला पीळ देतो. दोघेही एकच चूक करतात. आपल्या मोहल्ल्यातली आडनावे वाचा: पखाली, बागवान, तांबोळी, आत्तार, पिंजारी. आपले पूर्वज तख्तावर कधी बसले होते? ते पाणी भरत होते, कापूस पिंजत होते, भाजी विकत होते. लाल किल्ल्याशी आपले नाते शोधायचेच असेल, तर ते दिवाण-ए-खासमध्ये सापडणार नाही. मशक खांद्यावर घेऊन मागच्या दाराने आत जाणाऱ्या त्या भिस्त्याशी ते आहे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. निदान आपल्या आजोबा-पणजोबांची नावे तरी आपण लिहून ठेवू या.