घंटा अनेक, कारण एक

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या रानांत वाघ हिंडूं लागला म्हणजे झाडावरचें वानर खांकरतें, चितळ चीत्कार करतें आणि सांबर मोठ्यानें हांक देतें. जाणता वाटाड्या या तीन हांकांवरून तीन वाघ मोजीत नाहीं. कोणती हांक आधीं आली व कोणती मागून, हें ध्यानीं घेऊन तो एकाच वाघाची वाट ओळखतो. याच रानाच्या कडेला, चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथें, १९८३ सालीं औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. अशा केंद्रांतील यंत्रांना मात्र वाटाड्याची ही विद्या साधण्यास पुष्कळ काळ लागला.

पूर्वीं नियंत्रणकक्षांत प्रत्येक धोक्यासाठीं भिंतीवर दिव्याची एक चौकट असे. स्वतंत्र तार ओढावी लागे, म्हणून इशारे मोजकेच असत. संगणक आल्यावर नवा इशारा जोडणें जवळजवळ फुकट झालें आणि घंटांना सुमार राहिला नाहीं. बॉयलरला पाणी पुरविणारा पंप थांबला, कीं प्रवाह घटतो, पाण्याची पातळी उतरते, जाळ बंद होतो, वाफेचा दाब पडतो. आणि प्रत्येक टप्प्यावर निराळी घंटा वाजते. दोष एकाचा, ओरड दहांची!

या ओरडीची किंमत २८ मार्च १९७९ रोजीं अमेरिकेंतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रांत जगाला कळली. पहिल्या कांहीं मिनिटांत शंभरांहून अधिक इशारे वाजले. उघडी राहिलेली एक झडप त्या गलबल्यांत ओळखतां आली नाहीं, आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा सुमारें अर्धा भाग वितळला. पुढें २४ जुलै १९९४ रोजीं वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत स्फोटापूर्वींच्या शेवटच्या अकरा मिनिटांत २७५ इशारे आले. त्या अपघातांत २६ माणसें जखमी झालीं. त्यानंतर १९९९ सालीं ब्रिटनमध्यें निघालेल्या मार्गदर्शिकेनें, एका चालकास सरासरीनें दहा मिनिटांत एकाहून अधिक इशारा नसावा, असें मान घालून दिलें.

हें साधावयाचें, तर एका गोत्राचे इशारे आधीं ओळखले पाहिजेत. त्यासाठीं प्रत्येक इशाऱ्याची शून्य-एकांची माळ करतात: वाजत असतां एक, एरवीं शून्य. दोन माळा शेजारीं ठेवून, एक थोडी पुढेंमागें सरकवून, त्या किती जुळतात तें मोजतात. वारंवार ठराविक अंतरानें जोडीनें वाजणारे इशारे एका गटांत घालतात. पण कोंबडें आरवल्यावर तांबडें फुटतें, म्हणून कोंबड्यानें सूर्य उगवत नाहीं. एक इशारा दुसऱ्याचें कारण आहे, कीं दोघांचें मूळ तिसरीकडेच आहे, हें नळ, पंप आणि झडपा यांची रचना जाणणाऱ्यानेंच ठरवावें लागतें.

म्हणूनच मागून येणारी घंटा गटांत घालावी, पण तिचें तोंड कायमचें बांधूं नये. दिवसां सांबराची हांक पुष्कळदां वानराच्या खांकरण्यामागून येते. परंतु रात्रीं वानर झोपलेलें असतां, वाघाची वर्दी देणारें सांबर कधीं एकटेंही असूं शकतें.