बनगाव, १९७१ : सलाईन संपत आलंय

चपला दारात काढू नका. आत पाय टेकवायला कोरडी जागा नाही.

१९७१ चा जून संपत आलाय. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून आलेले निर्वासित सीमेलगतच्या छावण्यांत दाटीवाटीनं राहताहेत. पावसात शौचाचं आणि प्यायचं पाणी एक झालंय. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या या इस्पितळात दोन खोल्या, सोळा खाटा, बाकीचे जमिनीवर.

तुमच्या पायाशी एक बाई पडलीय. अंगाखालून वाहतंय ते तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं. डोळे खोल गेलेत, आवाज बसलाय. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडा. घडी तशीच उभी राहते, मग सावकाश बसते. ही पटकी, म्हणजे कॉलरा. आपल्याकडे जिला मरीआईचा कोप म्हणायचे, तीच. जंतूच्या विषामुळे शरीरातलं पाणी आणि क्षार आतड्यावाटे वाहून जातात. काही तासांत माणूस सुकून मरतो.

हिची नाडी लागत नाही, म्हणजे शिरेतूनच सलाईन हवं. डॉ. दिलीप महालनाबिस त्या घाणीतच गुडघे टेकून सुई लावतात. पण बाटल्या संपत आल्यात.

कोपऱ्यात नळ बसवलेलं पिंप आहे. शेजारी प्लास्टिकच्या पिशव्या. कोलकात्यात एका ग्रंथालयाच्या खोलीत भरून, गरम इस्त्रीनं तोंड चिकटवलेल्या. त्यांतली पूड पिंपातल्या पाण्यात कालवलीय: लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. नुसतं मीठ-पाणी या आतड्यात मुरत नाही. साखर सोबत असली की ती मिठाला आत ओढते आणि मिठामागून पाणी जातं. छावणीत डॉक्टर मोजके, पण प्रत्येकापाशी आई, भाऊ, शेजारी आहे. त्यांच्याच हाती या पाण्याचा मग दिलाय.

तुम्हीही घ्या. पलीकडे पाचेक वर्षांचा पोरगा आहे. शुद्धीवर आहे, गिळतोय. पाजा. तो भडाभडा ओकतो, आई मग बाजूला सारते. थांबा, दहा मिनिटांनी पुन्हा, आता घोट घोट. जितकं जातंय तितकं भरायचं, जुलाब थांबेपर्यंत.

याआधी शंभरातले तीसेक दगावत होते. इथे हा आकडा ३.६ वर येईल.

रोगाची वाट मात्र या पिंपानं अडत नाही. ती अडते उकळलेल्या किंवा क्लोरीन टाकलेल्या पाण्यानं, विहिरीपासून लांब खणलेल्या संडासानं आणि साबणानं धुतलेल्या हातांनी. पुढे तोंडावाटे द्यायची लसही येईल, पण तिच्या भरवशावर घाण पाणी पिता येणार नाही.

पहाटे पोरगा चुळबुळतो. त्याच्याखालची गोणी ओली झालीय. तुम्ही दचकून वाकता. जुलाब नाही, लघवी आहे. कालपासूनची पहिली. आई ओल्या गोणीवरून हात फिरवते आणि हसते.

मग रिकामा झालाय. भरून आणा.